गोठ्यातलं दप्तर

(वरसे, ता. रोहा येथे शेतकरी बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)

मला विषय दिला होता, 'शेतीत स्त्रियांचा सहभाग'. आवण काढून, लावणी करून ज्यांची कंबर धरली आहे त्यांना सहभाग म्हणजे काय ते मी काय सांगणार? मी आज माझ्या खोलीबद्दल बोलणार आहे. दहा फूट बाय बारा फूट. पूर्वी तिथे आमची बैलजोडी बांधलेली असायची.

तुमच्यातल्या काही हसताय. गावही हसलं. "हिने गोठ्यात ऑफिस काढलं." मी म्हटलं, हसा. पण मला एक सांगा, तुमच्या घरात शेतीचे कागद कुठे असतात?

आमच्याकडे कुठे होते ते सांगते. सातबारा आणि आठ-अ सासऱ्यांच्या उशाखालच्या पत्र्याच्या पेटीत. सोसायटीच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात. बियाणं-खताची बिलं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात, म्हणजे शेवटी धुण्यात. भात गिरणीवर घातल्याच्या चिठ्ठ्या देव्हाऱ्यामागे. आणि मजुरीचा हिशेब? तो माझ्या डोक्यात, आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांत. दर दिवाळीला भिंत सारवली की वर्षाचा हिशेब पुसला जायचा.

सासऱ्यांचे डोळे गेल्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. बारावी झालेली सून म्हणून. मी लिहायची कुठे, तर माजघरात, जमिनीवर, पोळपाट मांडीवर घेऊन. लिहिता लिहिता दूध उतू जाणार, पोरगं रडणार, कोणी तरी पाणी मागणार. एका पावसाळ्यात पीकविम्याची पावती शोधायला पेटी उघडली तर अर्ध्या कागदांना वाळवी लागलेली. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे माणसाला बुरशी धरते, तिथे कागदाचं काय! त्या दिवशी घरात सगळे मला बोलले. कागद ठेवायला कपाट कोणी दिलं नव्हतं, पण ते खराब झाल्याचा दोष मात्र माझा ठरला.

बैल विकून आम्ही नांगरणीला पॉवर टिलर लावायला लागलो, तेव्हा गोठा रिकामा झाला. मी म्हटलं, अर्धा मला द्या. घरातलीच एखादी खोली का नको, असं आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं. मी सांगितलं, आत्या, घरात बसले तर मी घरातली होते. गोठ्यात बसले तर शेतीची होईन. दहा पावलांचा फरक, पण हाक मारणाऱ्याला उठून यावं लागतं. निम्म्या हाका त्यातच कमी होतात.

एका शिबिरात ऐकलं होतं की व्हर्जिनिया वुल्फ नावाच्या इंग्रज लेखिकेने १९२९ साली लिहून ठेवलंय, बाईला लिहायचं तर स्वतःचे पैसे हवेत आणि स्वतःची खोली हवी. बाईंचं बरोबर आहे. फक्त त्यांच्या खोलीत युरियाच्या गोणी आणून ठेवणारे भावोजी नसावेत.

खोलीचं थोडं सविस्तर सांगते, कारण कोणाला करायची असेल तर उपयोग होईल. मधे विटेची अर्धी भिंत घातली. खालची जमीन वीतभर भर घालून उंच केली, नाहीतर जूनमध्ये ओल चढते. कौलं उतरवून फुटकी बदलली. जुनं लोखंडी कपाट घेतलं आणि ते भिंतीपासून चार बोटं लांब, विटांवर ठेवलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत घाम धरतो. फाइलमध्ये लावा, ऊन पडलं की काढून हवा द्या, सोबत कडुलिंबाचा पाला. टेबल म्हणजे जुनं दार, दोन घोडींवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार. दार मी घराच्या बाजूला ठेवलं नाही, वाटेच्या बाजूला ठेवलं. शेतीच्या कामाला येणारा माणूस ओटी न चढता थेट माझ्याकडे यावा म्हणून. यावरून घरात जेवढं भांडण झालं तेवढं पैशांवरून झालं नाही.

दुसरं भांडण किल्लीवरून. कपाटाची किल्ली कोणाकडे? नवरा म्हणाला, दोन करू. मी म्हटलं, तिजोरीच्या कराल का दोन? शेवटी दोन केल्या. सगळ्या लढाया जिंकता येत नाहीत.

जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या, शेतावरची इमारत कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, धान्य ठेवायची जागा, गुरांचा निवारा, घरच्या माणसांची आणि गड्यांची राहायची जागा. हिशेब लिहायची जागा त्यात नाव घेऊन दिलेली नाही. शेवटी एक वाक्य आहे, शेती कसण्याच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेलं दुसरं कुठलंही काम. मला वाटतं आपण बायका त्या शेवटच्या वाक्यात बसतो. मूळ इंग्रजीत ती शेतीही 'त्याची' आहे, हे वेगळं.

आता कोणी म्हणेल, शेतावर ऑफिस हे शहरी खूळ आहे. अजिबात नाही. आपल्या कोकणात शेतीचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या होतं. खोताच्या ओटीवर. किती खंडी भात आलं, किती बाकी राहिलं, सगळं तिथे लिहिलं जायचं. कुळाच्या हातात मात्र कागद नाही. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारा मालक झाला. दप्तर खोताच्या ओटीवरून कुळाच्या ओटीवर आलं. तिथून माजघरात मात्र ते आलं नाही. सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव लागलं आणि कसणारा म्हणजे बहुतेक घरांत बाप्या धरला गेला. संपाच्या सहा वर्षांत घर ज्या बायांनी चालवलं, त्यांच्या नातसुनांना अजून विचारलं जातं, "दादा आहेत का घरात?"

माझ्या दारातही हेच विचारायचे. बियाणंवाला, ट्रॅक्टरवाला, गिरणीचा माणूस. मी म्हणायची, दादा आहेत, पण हिशेब त्यांना माहीत नाही. पहिलं वर्ष माणसं उभ्या उभ्या परत गेली. दुसऱ्या वर्षी बसायला लागली. कारण साधं आहे, पैसे मी मोजून देत होते.

पण मैत्रिणींनो, या खोलीने मला जे दाखवलं ते सगळंच माझ्या सोयीचं नव्हतं. ते सांगितलं नाही तर आज इथे उभं राहण्यात अर्थ नाही.

मजुरीची वही घातली. तारीख, नाव, काम, रोज. लावणीचा हंगाम संपल्यावर बेरीज करायला बसले आणि गप्पच झाले. बाप्यांच्या नावापुढे ५००, बायांच्या नावापुढे ३००. भारे वाहणारा पुरुष आणि दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी बाई. भिंतीवर रेघा ओढत होते तेव्हा हे दिसत नव्हतं. रेघेला बाई-बाप्या नसतो. आणि हा दर ठरवला कोणी? गावाने, रिवाजाने, असं मी म्हणू शकते. पण पैसे माझ्या हाताने दिले होते. पुढल्या हंगामात मी बायांचा रोज वाढवला, बरोबरीचा मात्र अजून करू शकलेली नाही. आजूबाजूचे शेतकरी माझ्याशी भांडायला आले, तू भाव बिघडवतेस म्हणून.

आणखी एक. वाडीवरच्या कातकरी बाया मजुरी घ्यायला यायच्या तेव्हा दाराबाहेर उभ्या राहायच्या. मी आत खुर्चीवर, पंख्याखाली. एकदा त्यांच्यातली एक म्हातारी सहज म्हणाली, "बाय, तू आता खोतीण झालीस." हसून म्हणाली, पण मला रात्री झोप आली नाही. मग आत एक बाकडं टाकलं. वही उलटी करून त्यांच्याकडे फिरवायची, प्रत्येकीला तिची ओळ वाचून दाखवायची, असं सुरू केलं. एकीने दोन दिवस कमी लावल्याचं पकडलं. बरोबर तिचंच होतं.

आता मुख्य गोष्ट.

सासरे गेल्यावर वारसनोंद झाली. आत्या, नवरा, भावोजी आणि दोन वन्सं. वरशाकडे जमिनीला काय भाव येतोय ते तुम्ही बघताय. रोह्याला चिकटून असलेलं गाव, पलीकडे धाटावचे कारखाने. आता शेत एकरात कोणी बोलत नाही, गुंठ्यात बोलतात. भाऊबीजेच्या आधी दोन्ही भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा टाइप करून आणला. वन्सं ओवाळायला येणार, दुसऱ्या दिवशी रोह्याला नोंदणी कार्यालयात नेऊन सह्या घ्यायच्या, जेवायला घरी. मसुदा ठेवला कुठे, तर माझ्या कपाटात. फाइलला मीच लावला. तेव्हा वाचला. 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता' असं त्यात होतं. बहिणींशी त्यावर एक शब्द बोललेलं नव्हतं.

दोन दिवस मी ती फाइल उघडत होते, मिटत होते. सही झाली तर माझ्या मुलांचा वाटा वाढणार होता, हेही खरं ना? शिबिरात घोषणा देणं सोपं असतं. तिथे भाऊ दुसऱ्याचे असतात.

भाऊबीजेच्या दुपारी मी दोघींना गोठ्यात बोलावलं. थोरल्या वन्संनी चष्मा आणला नव्हता, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. कायदाही सांगितला, मला जेवढा माहीत तेवढा. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या हिश्शात मुलीला मुलाइतकाच वाटा. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मापासून हक्क दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं झालेली होती त्यांना वगळून. २००५ साली देशाचा कायदा बदलला, त्यात लग्नाची अट गेली. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये बाप हयात असलाच पाहिजे असंही नाही. मी एवढंच म्हटलं, सोडायचं तर सोडा, पण काय सोडताय ते कळून सोडा.

धाकट्या वन्संनी सही केली. म्हणाल्या, "वहिनी, मला माहेर हवंय, गुंठे नकोत." त्यांच्या घरची परिस्थिती बरी नाही, तरी केली. थोरल्यांनी नाही केली. त्यांचं नाव आज सातबाऱ्यावर आहे. भावोजी माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. नवरा महिनाभर. आत्यांनी मात्र त्याच आठवड्यात त्यांची पासबुकाची पिशवी आणून माझ्या कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "हे कोणाला दाखवू नको."

जाता जाता एक जुनी आठवण. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, शेतकरी संघटनेचं. त्यातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर जणांनी केलं त्याला लक्ष्मीमुक्त गाव म्हणायचे. १९९१ साली शेगावला त्यांनी चतुरंग शेती मांडली, तिच्यातल्या एका अंगाचं नाव होतं माजघर शेती. त्यावर तेव्हाही आपल्या चळवळीत वाद होता की नवऱ्याच्या उदारपणावर बाईचा हक्क कसा उभा राहणार. वाद बरोबरच होता. पण १९९२ साली शासनाने त्याच नावाने परिपत्रक काढलं, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं. कागद झाला हे कमी नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभर जमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका शंभरात चौदासुद्धा भरल्या नाहीत. आता २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे. बांधावर उभी राहून भाताचा, वालाचा फोटो काढते मी, माझ्या मोबाइलवरून. नोंद होते खातेदाराच्या नावाने.

ज्यांच्याकडे गोठा नाही, खोली नाही, त्यांनी एक पत्र्याची पेटी करा. तिला कुलूप लावा. आधी घरातले सगळे कागद एकत्र आणा आणि आठवड्यातून एकदा, दार लावून, ते नुसते वाचा. समजलं नाही तर बैठकीला घेऊन या, एकत्र वाचू. सही करण्याआधी वाचू.

तो सहधारकाचा अर्ज मी भरून ठेवला आहे. गट नंबर, क्षेत्र, सगळं. अर्जदार म्हणून सही नवऱ्याची लागते. तीन वर्षं झाली, तो कपाटात वरच्या कप्प्यात आहे. दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे, म्हणजे त्याने तो पाहिला असणार. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.