पुन्हा श्रीगणेशा

पस्तीस वर्षें मीं मुलांचे हात धरून त्यांजकडून अक्षरें गिरवून घेतलीं. गेल्या वर्षीं माझ्या उजव्या अंगावरून वारें गेलें आणि साठी उलटल्यावर मीच बिगरींत येऊन बसलों.

मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला कीं उजवें अंग लुळें पडतें. मेलेल्या पेशी परत येत नाहींत. परंतु जिवंत पेशी त्यांचें काम पुष्कळसें शिकूं शकतात, मात्र गिरवून गिरवूनच.

घरच्या मंडळींनीं मायेनें घांस भरविले, गुंड्या लावल्या. हात अधिकच आळसावला. बोटें किंचित् हलूं लागतांच व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनीं माझ्या धडधाकट डाव्या हातालाच पिशवी बांधली. "मास्तर, आतां उजव्यानेंच उचला." पेला सांडला, पुन्हा भरला.

धीर खचूं लागला कीं मी लुई पाश्चर यांचें स्मरण करीं. त्यांना पक्षाघात झाला १८६८ सालीं. त्यांची रेबीजवरील लस माणसाला प्रथम टोंचली गेली ती १८८५ सालीं.

सेवा करणाऱ्यांस एवढीच विनंति: झटका येतांच रुग्णालय गांठण्यास क्षणहि दवडूं नका, पण रोगी घरीं परतल्यावर घाई करूं नका. सदरा घालावयास त्याला अर्धा तास लागला तरी लागूं द्या.

परवां मीं पाटीवर श्रीकार काढला. वळण वेडेंवांकडें होतें. पण तशा अक्षराला माझ्या वर्गांत मीं कधीं नापास केलें नव्हतें.