डाळीची जाहिरात आणि हलत्या चित्रांचा खर्च

(धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांच्या संचालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तूर, हरभरा पिकवणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. आता काही गट डाळ तयार करून, पाकिटात भरून स्वतःच्या नावाने विकू लागले आहेत. माल विकायचा म्हटले की जाहिरात आली. आजकाल जाहिरात म्हटले की मोबाईलवर दाखवायची हलत्या चित्रांची फीत, म्हणजेच ॲनिमेशन, करून घ्यावी असा आग्रह होतो. हा खर्च सभासदांच्या भागभांडवलातून होतो. म्हणून खताच्या मात्रेप्रमाणे तोही मोजूनच करावा.

प्रथम हिशेब पाहू. समजा, एक किलो डाळीमागे सर्व खर्च वजा जाता गटाला 5 रुपये उरतात आणि चित्रफितीला 50,000 रुपये लागले. हे पैसे भरून निघण्यासाठी 10,000 किलो, म्हणजे 100 क्विंटल डाळ जादा विकावी लागेल. जाहिरात न करताही जी विकली गेली असती ती डाळ यात धरायची नाही. डाळीचा उतारा 70 टक्के धरला, तर त्यासाठी सुमारे 143 क्विंटल तूर लागेल. एवढी तूर गटाकडे नसेल, तर चित्रफीत कितीही सुंदर झाली तरी ती तोट्याचीच. आधी हा आकडा काढा आणि मगच चित्रकाराकडे जा.

आता पैसा नेमका कोठे जातो ते पाहू. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चित्र निराळे काढायचे ठरवले, तर एका मिनिटाला 1,440 चित्रे होतात. एकच चित्र दोनदा दाखवले तर सेकंदाला 12 चित्रे पुरतात आणि हालचाल चांगली दिसते. फीतही 30 सेकंदांची ठेवली तर 360 चित्रांत काम होते, म्हणजे काम चौथाईवर येते. त्यातही हलती चित्रे फक्त 10 सेकंद ठेवून बाकी मोबाईलने केलेले साधे चित्रण वापरले, तर 120 चित्रे पुरे होतात.

मग कोणते 10 सेकंद हलत्या चित्रांसाठी राखायचे? जे साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही तेवढेच. तुमची डाळ, तुमची गिरणी, पाकिटे भरणाऱ्या भगिनी हे सारे कॅमेऱ्याला दिसते आणि ते खरे असल्यामुळे गिऱ्हाईकाचा विश्वासही बसतो. जमिनीखाली पसरणारे तुरीचे मूळ किंवा दाण्यावरची साल सुटून दोन पाकळ्या वेगळ्या होण्याची क्रिया मात्र चित्रातूनच नीट समजते. तेथे खर्च करावा.

याला आपल्याच मुलखातले जुने उदाहरण आहे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा चित्रपट काढायला त्यांच्याजवळ पैसा नव्हता. त्यांनी वाटाण्याचे बी पेरले आणि त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराहून अधिक काळाची वाढ पडद्यावर थोडक्यात दिसली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवली आणि पुढे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. 1915 साली त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. एक बी आणि काही काड्या एवढेच त्यांचे साहित्य. आपल्याकडे डाळीचे दाणे आहेत. मोबाईल तिवईवर पक्का बसवा. ताटात दाणे मांडून प्रत्येक वेळी थोडे सरकवत 60 छायाचित्रे घ्या. त्यातून 5 सेकंदांत दाण्यांपासून गटाचे नाव तयार होताना दिसेल. उजेड मात्र एकसारखा हवा. म्हणून खिडकी बंद करून दिव्याखाली काम करावे.

खर्च वाढण्याचे दुसरे कारण म्हणजे मागाहून केलेले बदल. पेरणीनंतर ओळींतले अंतर बदलता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून पुढील क्रम पाळावा.

1) मजकूर आधी लिहा. सेकंदाला सुमारे दोन शब्द या हिशेबाने 30 सेकंदांत 60 शब्द बसतात. त्यांत एकच गोष्ट सांगा.

2) मग आवाज ध्वनिमुद्रित करा. गटातील स्पष्ट बोलणाऱ्या व्यक्तीचा आवाज चालतो. चित्रातले पात्र बोलताना दाखवू नका. ओठांची हालचाल जुळवण्यात फार चित्रे खर्ची पडतात.

3) साध्या कागदावर सहा ते आठ चौकटींत कच्ची चित्रे काढा. ती सर्व संचालकांना दाखवून सह्या घ्या. येथे खोडरबराने होणारी दुरुस्ती पुढे हजारोंची होते.

4) त्यानंतरच हलती चित्रे करायला घ्या.

चित्रात भाव, सणाची तारीख किंवा सवलत रंगवू नका. भाव बदलला की फीत वाया जाते. ही अक्षरे शेवटी वेगळी बसवावीत. उमरग्याच्या गटांना कर्नाटकात विकायचे असेल, तर त्याच चित्रांवर कन्नड आवाज आणि कन्नड अक्षरे बसवून दुसरी फीत अल्प खर्चात होते. तुळजापुरात नवरात्रातल्या गर्दीत दुकानाच्या पडद्यावर दाखवायची असेल, तर आवाज ऐकू येणार नाही. तेव्हा गटाचे नाव मोठ्या अक्षरांत हवे.

काम बाहेर दिले तर दर मिनिटामागे न ठरवता हलत्या चित्रांच्या सेकंदांवर ठरवा. किती दुरुस्त्या त्याच दरात होतील, मूळ फाइली गटाला मिळतील का, हे करारात लिहून घ्या. मूळ फाइली हाती असल्या तर पुढच्या वर्षी हरभरा डाळीसाठी तीच चित्रे कामी येतात. गावातील मुलामुलींना शिकायचे असेल, तर ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ ही संगणकावरील साधने विनामूल्य आहेत. सिनेमातली गाणी परवानगीशिवाय लावू नयेत. हलगी किंवा संबळ वाजवणारा कलाकार मिळाला, तर योग्य मानधन देऊन त्याची संमती लेखी घ्यावी.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही चित्रे करून देतात. त्यांचा उपयोग कच्च्या चित्रांसाठी जरूर करावा, पण त्यांनी काढलेली चकचकीत डाळ आपली म्हणून दाखवू नये. पाकीट उघडल्यावर गिऱ्हाईक जे पाहील तेच चित्रात असावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकते आणि गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्याहून मोठे नुकसान आहे.

या हंगामात प्रत्येक गटाने निदान 60 शब्दांचा मजकूर आणि जादा विक्रीचा हिशेब एका कागदावर मांडून मासिक सभेपुढे ठेवावा. हिशेब जुळला तर पुढे जावे, न जुळला तर तोच पैसा चांगल्या पाकिटावर आणि डाळीच्या प्रतवारीवर खर्च करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.