न्याय देणारांस न्याय

खेळाच्या मैदानांत पंच हा न्यायाधीशच होय. त्याच्या एका शब्दानें खेळाडूचा डाव संपतो. परंतु ज्या शिडीनें तो न्यायासनावर चढतो, ती तरी न्यायाची असते काय? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत तो कांहीं स्त्रियांना विचारावा लागला.

तेथें पंचानें प्रथम पंच-शाळेंत शिकावें, मग लहान संघांच्या सामन्यांपासून एकेक पायरी चढावी, अशी रीत आहे. बर्निस गेरा या बाईंनीं १९६७ सालीं असें शिक्षण घेतलें. पण नोकरीचा नियम आडवा आला. पंचाची उंची निदान पांच फूट दहा इंच आणि वजन १७० पाउंड असावें! चेंडू कोठून गेला हें डोळ्यांनीं पाहावयाचें. त्यास एवढी उंची कशाला? बाईंनीं कित्येक वर्षें झगडा केला. अखेर १९७२ मध्यें न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं २४ जून रोजीं त्या पंच म्हणून उभ्या राहिल्या, आणि पहिला सामना संपतांच त्यांनीं राजीनामा दिला. सोबतचे पंच सहकार्य करीत नाहींत, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. न्यायालयानें दार उघडलें, पण घरच्यांनीं पाट मांडला नाहीं.

पुढें १९७७ सालीं पॅम पोस्टेमा शिडीच्या तळापासून निघाल्या. तेरा हंगाम काम करून त्या शेवटून दुसऱ्या पायरीवर पोंचल्या. वरच्या संघांच्या सराव-सामन्यांसहि त्यांना बोलावणें आलें. तरी १९८९ च्या अखेरीस त्यांना कामावरून कमी करण्यांत आलें. १९९१ मध्यें त्यांनीं दावा लावला. तो पुढें आपसांत मिटला.

पंचाचा गुण पाहावा, स्त्री-पुरुष पाहूं नये, असें कोणी म्हणेल. तें अगदीं खरें. पण गुण दिसावयास आधीं काम मिळालें पाहिजे. पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं. ज्यास पाण्याजवळच येऊं दिलें नाहीं, त्यास पोहतां येत नाहीं म्हणून हिणविणें हा कोठला न्याय?

९ ऑगस्ट २०२५ रोजीं अटलांटा येथें जेन पॉवोल या सर्वांत वरच्या पायरीच्या अधिकृत सामन्यांत पंच झाल्या. तत्पूर्वीं त्यांनीं खालच्या पायऱ्यांवर १२०० हून अधिक सामन्यांत काम केलें होतें. गेराबाईंच्या निकालास तेव्हां ५३ वर्षें झालीं होतीं. आपल्या देशांतहि जानेवारी २०२३ मध्यें मुंबईच्या वृंदा राठी, तसेंच एन. जननी व गायत्री वेणुगोपालन यांनीं रणजी करंडकाच्या पुरुषांच्या सामन्यांत पंचाचें काम केलें.

यांपैकीं कोणीहि सवलत मागितली नाहीं. मापें आधीं जाहीर असावीं, परीक्षा सर्वांस एकच असावी, आणि वर न घेतल्यास त्याचें कारण लेखी मिळावें, एवढें झालें तरी पुरे. नियम दोन्ही पक्षांस सारखा आहे, या विश्वासावरच खेळाडू पंचापुढें मान तुकवितो. तोच विश्वास स्वतः पंचाच्या वांट्यास येऊं नये, तर मैदानावरील न्यायास अर्थ तो काय राहिला?