शुद्धीचा आरंभ पाण्यापासून



थंडीची चाहूल लागली की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. कपाळ जड, गाल ठणकतात, नाक चोंदलेले, अन्नाचा वास येत नाही. कुणी वाफारा घेतो, कुणी कपाळावर सुंठेचा लेप लावतो, कुणी वैद्याला न विचारताच प्रतिजैविके घेतो. अशा वेळी घरातील एखादे काका हमखास सांगतात, ‘जलनेती कर, बरे वाटेल.’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा ठाऊक नसेल, तर हीच क्रिया क्वचित प्राणावर बेतू शकते.

प्रथम परंपरा काय सांगते ते पाहू. स्वात्मारामांच्या ‘हठप्रदीपिके’त धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही षट्कर्मे आली आहेत. तेथील नेती पाण्याची नसून सूत्राची आहे. वीतभर स्निग्ध दोरा नाकातून घालून मुखावाटे काढावयाचा. नाकाने पाणी ओढून तोंडाने सोडण्याची कृती ‘घेरण्डसंहिते’त व्युत्क्रम कपालभाती या नावाने येते. तोटीच्या भांड्याने करावयाची जलनेती ही त्याच कुळातील सुलभ क्रिया होय. विशेष म्हणजे, ज्याच्या देहात मेद व कफ अधिक आहे त्यानेच ही कर्मे करावीत, इतरांनी नव्हे, असा दंडक स्वात्मारामांनी घातला आहे. अधिकार पाहूनच उपचार, हीच आपली रीत होती.

ही रीत विसाव्या शतकातही पाळली गेली. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करणारे स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या, क्ष-किरणांनी व दाबमापकांनी त्या तपासल्या. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने परीक्षेला भिण्याचे कारण नाही, हा धडा त्यांच्या कार्यातून मिळतो.

आता देहाची रचना पाहा. नाकाभोवतीच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांत पाझरणारा श्लेष्मा सूक्ष्म रोमांच्या हालचालीने नाकाकडे ढकलला जातो. गालाच्या पोकळीचे द्वार तळाशी नसून वरच्या बाजूस असते. त्यामुळे सूज येऊन ते बंद झाले की श्लेष्मा आतच साचतो. मिठाचे पाणी हा घट्ट श्लेष्मा, धूळ व परागकण धुऊन काढते आणि रोमांचे काम सुकर करते.

याला आधुनिक आधारही आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने दररोज क्षारजलाने नाक धुणाऱ्यांचा त्रास घटला आणि प्रतिजैविकांचा वापरही कमी झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ८७१ रुग्णांच्या अभ्यासात मात्र लाभ माफकच दिसला. वाफाऱ्याने तर विशेष फरक पडला नाही. तेव्हा जलनेती हा चांगला साहाय्यक उपचार आहे, रामबाण नव्हे.

धोका आहे तो पाण्यात. २०११ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नेतीपात्रात नळाचे पाणी वापरणाऱ्या दोघांचा मृत्यू झाला. कारण होते नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. हे पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पण नाकातून गेलेला अमीबा गंधचेतेच्या मार्गाने मेंदू गाठतो आणि त्यातून रुग्ण क्वचितच वाचतो. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली याच प्रकारच्या मेंदूज्वराने बळी घेतले आहेत. असा आजार विरळा, हे खरे. पण तो टाळण्यास एक उकळी पुरेशी असताना हयगय कशासाठी?

म्हणून नियम साधे ठेवावेत. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम आयोडीनविरहित मीठ विरघळवावे. रक्ताची क्षारता सुमारे एवढीच असल्याने नाक झोंबत नाही. ओणवे होऊन मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत सावकाश धार धरावी. पाणी दुसरीतून वाहते. नंतर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळुवार शिंकरावे. जोर केल्यास कानास अपाय होतो. भांडे प्रत्येकाचे वेगळे असावे आणि दर वेळी धुऊन कोरडे करावे.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून जलनेती करू नये. मुलांच्या बाबतीतही आधी डॉक्टरांना विचारावे. तीव्र ताप, डोळ्याभोवती सूज, दृष्टीत बदल, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये. २०२१ साली महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे थैमान पाहिले. मधुमेही रुग्णांनी तो अनुभव विसरू नये.

शौच हा पतंजलींनी सांगितलेला पहिला नियम आहे. शुद्धिक्रिया करणाऱ्याने आपले पाणी आणि आपले पात्र आधी शुद्ध करावे. घरी कुणी जलनेती करीत असेल, तर आज जाताच त्याला एकच प्रश्न विचारा: पाणी उकळले होते का?