आपली फरशी, खालच्यांचं छत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला : जुन्या घरातील न्हाणीची फरशी कशी निवडावी. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत काही जण हसले, ते मी पाहिलं. रौप्यमहोत्सवात कोणी न्हाणीवर बोलतं का! पण इमारत पंचवीस वर्षांची झाली. यंदा बऱ्याच घरांत न्हाणी फोडायचं घाटत आहे. मी हे काम दोनदा केलं आहे, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. म्हणूनच मला उभं केलं असावं.

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात गेली. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजातील जुन्या लोकांनी बांधलेले तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांच्या पाळींवरून मी आयुष्यभर फिरलो. पाणी कुठून येईल, कुठं थांबेल आणि कुठून निघेल, हे पाहणं हेच माझं काम. आणि त्याच माणसानं घरच्या पाच बाय चार फुटांच्या न्हाणीत पाण्याचा विचार केला नाही.

झालं असं. मुलाचं लग्न ठरलं होतं. जुनी मोझॅक फरशी खडबडीत आणि पिवळट झाली होती. त्यात दोष आमचाच. डाग काढायला आम्ही दर आठवड्याला ॲसिड टाकत होतो. मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात; शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. या सगळ्यांना ॲसिड खातं. डाग निघतो तो फरशीचा वरचा थर घेऊन निघतो, आणि सांध्यातलं सिमेंटही झिजतं. तेवढ्या वाटेनं पाणी खाली उतरू लागतं.

मी नागपूरला गेलो, दोन फूट बाय दोन फुटांची चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल आवडली, घेऊन आलो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जुनं कायले फोडता जी? टाईल्सवर टाईल्स बसवून देतो, दोन दिवसांत काम मोकळं." मला धूळ नको होती, घरात पाहुणे येणार होते. मी हो म्हटलं.

न्हाणी दिसायला हॉटेलसारखी झाली. पण जमीन दीड इंच वर आली, तर दार खालून कापावं लागलं. जाळी मात्र जुन्याच पातळीला राहिली, तिच्याभोवती खड्डा झाला. एवढ्या मोठ्या टाईलला उतार देता येत नाही, म्हणून पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं. आम्ही रोज वायपरनं ओढायचो आणि त्यातच समाधान मानायचो.

सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या छताला ओल धरली आहे, पापुद्रे पडून राहिले." मी खाली जाऊन पाहिलंही नाही. "गिझरची वाफ असेल," असं म्हणालो. मी, पाटबंधाऱ्याचा माणूस! त्यानंतर जिन्यात भेट झाली की दोघंही मान खाली घालून जायचो. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही, आमच्याकडूनही गेलं नाही. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. हे मी त्यांची परवानगी घेऊन सांगतो आहे.

आणि मग एका सकाळी माझी आई त्या चकचकीत फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी बाहेर गेलो होतो, घरात सूनबाई एकटी. तिची हाक ऐकून पहिल्यांदा धावत आल्या त्या खालच्याच वहिनी. ऑपरेशन होईपर्यंत त्या दवाखान्यात आईजवळ बसून होत्या. छताचा विषय त्यांनी काढला नाही. मीच काढला, आणि माफी मागितली.

त्यानंतर जी न्हाणी केली, तिच्याबद्दल आता सांगतो.

पहिली गोष्ट, टाईलची निवड. लहान न्हाणीला लहान टाईल घ्या, एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान. न्हाणीत चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यावा लागतो. लहान टाईल तो उतार घेते आणि सांधे जास्त असल्यामुळे पायाला पकडही मिळते. पृष्ठभाग मॅट किंवा अँटीस्किड हवा. भिंतीची टाईल स्वस्त दिसली म्हणून जमिनीला लावू नका. ती जास्त पाणी शोषते आणि वजनाला कच्ची असते. व्हिट्रिफाईड टाईल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, ती चांगली, पण मॅट घ्या. खोक्यावर आयएस १५६२२ हे भारतीय मानक लिहिलेलं आहे का ते वाचा.

दुकानात टाईल कोरडी पाहू नका. जमिनीवर ठेवायला सांगा, वर पाणी आणि थोडा साबण टाका, आणि चप्पल काढून पाय फिरवून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. फार खोल रेघांची टाईलही नको, तिच्यात मळ बसतो आणि रोज ब्रश घेऊन बसावं लागतं. रंगाचं म्हणाल तर गडद रंगावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग दिसतात, पांढऱ्यावर माती दिसते. राखाडी किंवा बदामी बरा. खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा आणि थोड्या टाईल्स जास्त घेऊन ठेवा. दहा वर्षांनी एक फुटली तर तशीच दुसरी बाजारात मिळत नाही.

दुसरी गोष्ट, टाईलच्या खालचं काम. पाणी अडवणं हे टाईलचं काम नाही, ते खालच्या वॉटरप्रूफिंगचं काम. म्हणून जुनी फरशी फोडाच. टाईलवर टाईल टाकल्यानं वजनही वाढतं. पाच बाय चारच्या न्हाणीत सिमेंट-वाळूचा दोन इंचांचा थर जवळपास दोनशे किलो भरतो. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर ते ओझं कशाला? फोडताना जाळीचं तोंड कापड कोंबून बंद करा, नाहीतर मलबा सगळ्यांच्या सामायिक पाइपात जातो. जाळीखालच्या भांड्याला बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. ते गळकं असेल तर तेव्हाच बदला, आणि नवीन फरशीच्या पातळीला आणा.

वॉटरप्रूफिंगचा लेप जमिनीवर देऊन थांबू नका. कोपऱ्यात गोलाई करून तो भिंतीवर फूटभर वर न्या, शॉवरच्या भिंतीवर डोक्यापर्यंत. मग न्हाणीच्या दाराला छोटा बांध घाला आणि पाणी भरून ४८ तास ठेवा. ही खरी परीक्षा. माझ्या वेळी खालच्या वहिनी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ छत पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खालूनच आवाज दिला, "भाऊजी, कोरडं आहे!" बांधावरून पाणी सोडल्यावर शेतकऱ्याला जेवढा आनंद होतो, तेवढा मला झाला.

तिसरी गोष्ट, उतार. ऐंशीला एक हे प्रमाण लक्षात ठेवा. पाच फुटांत पाऊण इंच. फार कमी वाटतं, पण पाण्याला तेवढं पुरतं आणि म्हाताऱ्या माणसाच्या पायाला जाणवत नाही. मिस्त्रीच्या डोळ्यावर सोडू नका, लेव्हल लावून पाहा. न्हाणीची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा थोडी खाली हवी.

व्हिट्रिफाईड टाईल पाणी शोषत नाही म्हणून तिला साधं सिमेंट नीट धरत नाही. टाईलचं ॲडहेसिव्ह लागतं, आणि ते पूर्ण मागच्या बाजूला पसरलं पाहिजे. चार ठिपके लावून चिकटवली की मध्ये पोकळ राहते. बसवल्यावर बोटानं ठोकून पाहा, पोकळ आवाज कळतो. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण पाणी शोषत नाही आणि काळं पडायला वेळ लागतो. आणि त्यानंतर ॲसिडची बाटली घरातून कायमची काढून टाका.

शेवटी सोसायटीपुरतं. आपल्या उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक नळ संस्थेनं पाहायचे. घरातल्या न्हाणी-संडासाची गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची. नियम बरोबरच आहे. पण ओल पहिल्यांदा दिसते ती ज्याची चूक नाही त्याच्या छताला. म्हणून माझी संचालक मंडळाला विनंती आहे की, न्हाणीच्या कामाच्या अर्जासोबत पाण्याच्या परीक्षेची नोंद ठेवावी आणि तिच्यावर खालच्या घराची सही घ्यावी. मंडळाच्या पत्रापेक्षा त्या एका सहीनं जास्त भांडणं वाचतील.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे, काठी घेऊन. तिच्या शेजारी कोण बसलं आहे ते तुम्हाला दिसतंच आहे. ज्यांना काम काढायचं आहे त्यांनी आधी माझ्या घरी या, चप्पल काढून ओल्या न्हाणीत उभे राहून पाहा. चहा सूनबाई करेल. छत पाहायचं असेल तर खाली वहिनींकडे जा, चहा तिथंही मिळेल.