दिवाणखान्यातले हेलिकॉप्टर

घरातल्या घरात उडविण्यासाठी रिमोटवर चालणारे हेलिकॉप्टर घ्यावयाचे मनात असेल, आणि खर्चाची तजवीज बेताचीच असेल, तर दुकानदार दाखवील त्या झगमगीत दिव्यांकडे दुर्लक्ष करून प्रथम एकच बाब पाहावी : एकाच आसावर, एकावर एक, परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे पात्यांचे दोन जोड त्यास आहेत काय. पाती एका दिशेस फिरू लागली की यंत्राचे धड उलट दिशेस गरगरू पाहते. दुसरा जोड ही ओढ परस्पर फेडून टाकतो, आणि वरच्या पात्यांशी जोडलेली, टोकांना वजन असलेली आडवी दांडी त्याचे डोलणे आवरते, म्हणूनच नवशिक्याच्या हातूनही ते स्थिर तरंगते. सायमा कंपनीचे एस १०७ जी हे या जातीचे नामांकित उदाहरण. लांबी सुमारे २२ सेंटिमीटर, सांगाडा बहुतांशी धातूचा, आणि चढउतार, डावेउजवे वळण व पुढेमागे जाणे एवढेच हुकूम मानणारे. नाक आपोआप एका बाजूस वळू लागल्यास रिमोटवरील लहान खुंटी किंचित फिरवावी. मात्र अवरक्त किरणांवर चालणारे हे यंत्र, खिडकीतून कडक ऊन आत आले की, आज्ञा पाळीनासे होते. आणि पाऊण तास बॅटरी चार्ज करून उड्डाण मिळते ते सहा-आठ मिनिटांचे. हा व्यवहार मला तरी तोट्याचा वाटत नाही. सुटी पाती मिळतात की नाही याची चौकशी मात्र पैसे मोजण्यापूर्वी करावी, कारण आरंभी भिंतीचा प्रसाद ठरलेलाच. आणि उड्डाणापूर्वी छताचा पंखा बंद करावा.