कामठीच्या दात्याचा पैसा

विद्यापीठातल्या संशोधनाला बाहेरून पैसा मिळणं नागपूरला नवं नाही. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्रासाठी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राद्वारे सुमारे 35 लाख रुपये दिले. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. तिथले विषय तेल, रंग, कागद, खाद्यपदार्थ... अगदी घरातल्या वापराचं रसायनशास्त्र! असा सढळ दाता आता विरळाच. आज प्रकल्पाचा निधी बहुधा केंद्राच्या विज्ञानविषयक विभागांकडून येतो, तोही मोजूनमापून: उपकरणांना इतका, संशोधन सहायकाच्या मानधनाला इतका, प्रवासाला इतका. वर्षाअखेरीस खर्चाचा हिशेब देणारं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही, की पुढचा हप्ता अडलाच. मग प्राध्यापक प्रयोगशाळेत कमी आणि लेखा विभागात जास्त दिसतात.